निळी टिक आली, पण धडा समजला का? शाळा बंद असताना घरी कोण शिकलं, कोण राहिलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे ना' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे.

आजचा प्रश्न असा: शाळा बंद असते तेव्हा घरी बसून कोण शिकतं आणि कोण मागे पडतं? आणि का?

मागच्या आठवड्यात हा विषय सांगितला तेव्हा एका श्रोत्याने लगेच विचारलं, "भाऊ, कोविड कधीच संपला. आता कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझी उत्तरं दोन.

पहिलं, शाळा आजही बंद होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत हवा इतकी खराब झाली की वर्ग ऑनलाइन न्यावे लागले. आपल्याकडे पावसाचा रेड अलर्ट आला की शाळांना सुट्टी जाहीर होते. पूर आला तर शाळेची इमारतच निवारा केंद्र होते. २०२० नंतर फरक एवढाच पडलाय की आता सुट्टीच्या मेसेजच्या मागोमाग दुसरा मेसेज येऊ शकतो: "आज वर्ग ऑनलाइन होतील, लिंक खाली दिली आहे." ते आपल्याला नॉर्मल वाटायला लागलंय.

दुसरं, जून २०२० मध्ये जी पोरं पहिलीत गेली, ती मार्च २०३० मध्ये दहावीला बसणार आहेत. म्हणजे ही गोष्ट अजून चालूच आहे.

[०२:४०] आधी थोडी उजळणी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात वरचे वर्ग मधूनमधून उघडले, पुन्हा बंद झाले. पण सगळ्यात लहान मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. ग्रामीण भागात पहिली ते चौथी आणि शहरात पहिली ते सातवी यांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. मुंबई-पुण्यात त्यालाही आणखी दोनेक आठवडे लागले. जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली आणि परत कुलूप.

आता गणित करा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने दुसरीचं अर्धं वर्ष संपेपर्यंत वर्गात बाकावर बसून पाहिलंच नव्हतं. अक्षरओळख, जोडाक्षरं, हातच्याची बेरीज, हे सगळं ज्या दोन वर्षांत होतं, ती दोन्ही वर्षं घरी गेली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं रोजचं काम म्हणजे एका मशीनवरून पाठवलेला मेसेज दुसऱ्या मशीनवर नीट पोचला का ते बघणं. त्यामुळे मी हा सगळा प्रकार एका साध्या गोष्टीतून समजावतो, जी तुम्ही दिवसातून शंभर वेळा बघता. व्हॉट्सॲपच्या टिका.

एक टिक: मेसेज गेला. दोन टिका: समोरच्याच्या फोनवर पोचला. निळ्या टिका: चॅट उघडलं. आता शिकवण्यासाठी आणखी एक टिक लागते, जी व्हॉट्सॲपमध्ये नाहीच: समजलं. माझं म्हणणं असं की शाळा बंद असताना आपण पहिली टिक मोजली आणि चौथीबद्दल बोलत राहिलो. मधे काय काय गळलं, ते आता एकेक करून बघू.

[०५:१५] पहिली टिक: पाठवलं

इथे महाराष्ट्र अजिबात कमी पडला नाही, हे आधी सांगतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत होती. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड होते. दीक्षा ॲपवर व्हिडिओ होते. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून फिरत होती. शिक्षकांनी रात्र रात्र बसून व्हिडिओ बनवले. ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायची सवय नव्हती, त्यांनीही बनवले.

पण डॅशबोर्डवर 'इतके व्हिडिओ अपलोड, इतक्या लिंक पाठवल्या' असं हिरवं दिसलं की आपल्याला वाटतं, सिस्टिम चालू आहे. आमच्या धंद्यात याला फार भाव नाही. सर्व्हरने पाठवलं एवढंच ते सांगतं. पुढचं काहीच नाही.

[०६:५०] दुसरी टिक: पोचलं

आता 'असर' नावाचं सर्वेक्षण आपल्याला लागणार आहे. प्रथम संस्थेचं असर सेंटर ते करतं. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणित सोडवायला देतात. कोविडमध्ये मात्र त्यांनी फोनवरून माहिती घेतली.

२०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो आकडा ६१.८ झाला आणि २०२१ मध्ये ६७.६. विचार करा, तीन वर्षांत जवळपास दुप्पट. लोकांनी उधारीवर फोन घेतले, सेकंडहँड घेतले, पण घेतले.

मग प्रश्न सुटला? नाही. कारण पुढचा प्रश्न आहे, फोन घरात आहे, पण मुलाच्या हातात आहे का? २०२१ मध्ये असरने हेही विचारलं. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांतल्या फक्त २७ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी कायम मिळत होता. ४७ टक्क्यांना कधीमधी. २६.१ टक्क्यांना अजिबात नाही.

दोन्ही आकडे एकत्र धरा. शंभर मुलं. त्यातल्या साधारण ६८ जणांच्या घरी स्मार्टफोन. त्यांपैकी २७ टक्के, म्हणजे जवळपास १८. शंभरातली अठरा! लहान वर्गांत तर फोन मिळण्याचं प्रमाण आणखी कमी. मोठ्या ताईला दहावी आहे म्हटल्यावर दुसरीतल्या धाकट्याला फोन कोण देणार?

यात कोणी वाईट नाहीये हं. फोन बाबांचा असतो. बाबा रिक्षा चालवतात, गवंडीकाम करतात, डिलिव्हरी करतात. त्या फोनवरच त्यांची रोजी आहे. ते सकाळी फोन घेऊन जातात आणि रात्री आठला परत येतात. आणि लाइव्ह क्लास असतो सकाळी दहाला.

याला आम्ही डिझाइनमधली चूक म्हणतो. लाइव्ह क्लासने गृहीत धरलं की सकाळी दहाला प्रत्येक मुलापाशी एक मोकळा फोन असेल, शांत कोपरा असेल आणि नेटवर्क असेल. यातलं एक जरी नसलं तरी तास गेला. पुन्हा येत नाही.

[०९:३०] डेटाचा हिशोब

आता जरा कॅल्क्युलेटर काढू. व्हिडिओ क्लास एक एमबीपीएस वेगाने चालला असं धरा. हा काही फार भारी दर्जा नाही. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे तासाला ३,६०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागिले आठ. ४५० एमबी झाले. दिवसाला तीन तास आणि घरात दोन मुलं: २.७ जीबी. तेव्हाचं लोकप्रिय रिचार्ज कोणतं होतं आठवतंय? रोज दीड जीबीचं. म्हणजे दुसऱ्या मुलाच्या पहिल्या तासाआधीच पॅक जवळजवळ संपला.

आता तोच तास फक्त आवाजात पाठवा. बोलण्यासाठी ३२ केबीपीएस आरामात पुरतं. तासाला साधारण १४.४ एमबी. तीस पटींनी कमी! तुम्ही आत्ता हा पॉडकास्ट दोन काड्यांच्या नेटवर्कवर ऐकू शकता, त्याचं कारण हेच. आणि व्हॉइस नोट रात्री आठला, बाबा जेवायला बसल्यावरही ऐकता येते. तिला सकाळचे दहा लागत नाहीत.

म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याला परवडेल असा मार्ग तेव्हाही होता. पण आपल्या डोळ्यांसमोर 'ऑनलाइन शाळा' म्हटलं की चौकोन-चौकोन आणि त्यातले चेहरे येतात. आपण वर्ग जसाच्या तसा स्क्रीनवर ठेवायला गेलो.

[११:४५] तिसरी टिक: उघडलं

काही ठिकाणी फोनला बगल देऊनच उपाय निघाले, आणि मला ते फार आवडतात. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागायचं. पहिली ते आठवीसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेलं. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन करायचे उपक्रम, आणि इंटरनेटची गरज शून्य. पालघर जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' भरवली: लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेले धडे आणि अंतर ठेवून बसलेली पोरं. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. गल्लीतून जाता-येता पाढे, अक्षरं, इंग्रजी शब्द.

भिंतीला रिचार्ज लागत नाही. भिंत बाबांबरोबर कामावर जात नाही. ताईला आणि धाकट्याला एकाच वेळी दिसते.

हे झालं 'पोचलं' आणि 'उघडलं'. पण भिंतीला कळत नाही की मुलाने सातचा पाढा चुकीचा म्हटला. टीव्हीलाही कळत नाही. तिथे घरात कोणीतरी लागतं, आणि इथून खरी विषमता सुरू होते.

[१३:३०] चौथी टिक: समजलं

२०२० च्या असरमध्ये विचारलं होतं, मुलाला घरी अभ्यासात कोणी मदत करतं का? आई-वडील दोघंही नववी किंवा त्यापुढे शिकलेले असतील तर दहातल्या जवळपास नऊ मुलांना मदत मिळत होती. दोघंही पाचवी किंवा त्याहून कमी शिकलेले असतील तर निम्म्याहून थोड्याच जास्त मुलांना.

शाळा नेहमीप्रमाणे चालू असते तेव्हा हा फरक दिवसातले पाच-सहा तास झाकला जातो. दोन्ही मुलांना एकच बाई, एकच फळा. डॉक्टरांची मुलगी आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा एकाच बाकावर असतील तर बाईंची नजर दोघांवरून फिरते. शाळा बंद झाली की ती नजर जाते, आणि उरतं ते आपापलं घर. म्हणून 'सगळ्यांना एकच लिंक पाठवली' याला समान वागणूक म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत शाळा किती लांब असावी याचं माप आहे: प्राथमिकसाठी एक किलोमीटर, उच्च प्राथमिकसाठी तीन. कारण शाळा दहा किलोमीटरवर असेल तर 'शाळा आहे' असं म्हणायला अर्थ नाही, हे कायद्याला मान्य आहे. मग शाळा घरात आली तेव्हा अंतर कशात मोजायचं? मला वाटतं, मूल अडलं तर किती वेळात त्याला उत्तर देणारं माणूस भेटतं, यात. शिकलेल्या घरात दोन मिनिटं. काही घरांत दीड वर्ष.

[१६:००] मामीची वही

माझी मामी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. २०२० च्या पावसाळ्यात मी घरून काम करत होतो आणि तिला फोनवर उत्साहाने एकेक ॲप सुचवत होतो. ती म्हणाली, "तुझं ॲप राहू दे बाप्पा. आधी मला हे सांग, फोन घरी किती वाजता येतो?"

तिने एक साधी दोनशे पानी वही केली होती. प्रत्येक मुलापुढे चार रकाने: फोन कोणाचा, साधा की स्मार्ट, घरी किती वाजता येतो, आणि घरात वाचता येणारं कोण आहे. मग तिने फोनच्या वेळेप्रमाणे मुलं वाटून घेतली. रोज संध्याकाळी सातनंतर पाच-सहा फोन. मी विचारलं, "मामी, तुम्ही फोनवर शिकवता तरी काय?"

"शिकवत नाही रे. विचारते. त्याला एक वजाबाकी सांगते आणि मोठ्याने करायला लावते. कुठं अडलं ते ऐकू येते."

'कुठं अडलं ते ऐकू येते.' आमच्या भाषेत याला ॲक्नॉलेजमेंट म्हणतात, म्हणजे पलीकडून आलेली पोच. पोच आली नाही तर काय हरवलं आणि पुन्हा काय पाठवायचं, हे पाठवणाऱ्याला कळूच शकत नाही. मामीच्या वहीत ती पोच होती. मोठ्या मोठ्या डॅशबोर्डवर नव्हती.

[१८:२०] बोट्स्वानाचा प्रयोग

तुम्ही म्हणाल, एका मामीवरून काय ठरवायचं? बरोबर. म्हणून आता आफ्रिकेत बोट्स्वानाला जाऊ. तिथेही २०२० मध्ये शाळा बंद होत्या. संशोधकांनी साधारण साडेचार हजार कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला दर आठवड्याला एसएमएसवर गणितं पाठवली. दुसऱ्याला एसएमएस आणि सोबत आठवड्यातून एक पंधरा-वीस मिनिटांचा फोन. तिसऱ्याला काहीच नाही.

फोन करणारा पालकांना सांगायचा, मुलाला बोलवा, स्पीकरवर ठेवा, आणि मग गणित सोडवून घ्यायचा. साधा बटणांचा फोन चालायचा.

निकाल २०२२ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर' या नियतकालिकात आला. नुसत्या एसएमएसने शिकण्यात नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. एसएमएस आणि फोन मिळालेली मुलं मात्र गणितात स्पष्टपणे पुढे होती. नंतर हाच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्ये केला, तिथेही फोनचा उपयोग दिसला.

गणितं तीच, फोन तोच. फरक फक्त एवढा की आठवड्यातून एकदा पलीकडून माणूस विचारत होता, आणि मूल उत्तर देत होतं.

[२०:३०] मग आता ती मुलं कुठे आहेत?

हा भाग नीट ऐका, कारण बातम्यांत तो अर्धाच येतो.

तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येतो का, हे असर तपासतं. ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के मुलांना येत होता. २०२२ मध्ये २०.५. २०२४ मध्ये २७.१. हेडलाइन काय झाली? 'कोविडचं नुकसान भरून निघालं.'

थांबा. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुलं २०२० मध्ये शाळेत नव्हतीच, ती तेव्हा तीन-चार वर्षांची होती. ज्यांची पहिली घरी गेली, ती मुलं २०२२ मध्ये तिसरीत होती, म्हणजे २०.५ वाली. २०२४ मध्ये ती पाचवीत होती. पाचवीत त्यांच्यातल्या किती जणांना दुसरीचा परिच्छेद वाचता आला? ४८.८ टक्के.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. चांगला असा: शाळा उघडल्या, बाई समोर आल्या, आणि दोन वर्षांत तीच पोरं विसावरून एकोणपन्नासवर आली. त्या बाईंना सलाम. वाईट असा: पाचवीत पोचलेल्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नव्हतं. २०१८ मध्येही हा आकडा ५०.५ होता. म्हणजे 'भरून निघालं' याचा अर्थ, आपण परत जुन्याच खड्ड्याच्या काठाशी आलो.

आणि सरासरीत कोण पुढे आलं, कोण राहिलं, हे दिसत नाही. वाचता न येणारं मूल सहावीत, सातवीत गप्प बसायला शिकतं. मागच्या बाकावर बसतं, गाइडमधून उतरवून काढतं. त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

[२३:४०] पुढच्या वेळी, आणि आत्ता

उद्या पुरामुळे, प्रदूषणामुळे किंवा आणखी कशामुळे तुमच्या भागातली शाळा आठ-पंधरा दिवस बंद झाली, तर या गोष्टी लक्षात ठेवा. कोणी शाळा समितीवर असेल, शिक्षक असेल, किंवा सोसायटीत दोन पोरांना शिकवत असेल, त्यांच्यासाठी तर खासच.

१. लिंकच्या आधी वही. फोन कोणाचा, कोणता, किती वाजता घरी येतो आणि घरात वाचणारं कोण, हे चार प्रश्न. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

२. लाइव्हपेक्षा साठवता येणारं बरं. व्हिडिओपेक्षा आवाज बरा. आवाजापेक्षा हातात दिलेला कागद कित्येकदा आणखी बरा.

३. आठवड्यातून प्रत्येक मुलाला एक फोन. त्यात आपण कमी बोलायचं, मुलाला बोलायला लावायचं.

४. इयत्तेप्रमाणे सुरू करू नका, मुलाला जे येतंय तिथून सुरू करा. २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला तो मागच्या इयत्तेचं भरून काढायला. कल्पना योग्य होती, पण १ जुलैला तो सुरू झाला तेव्हा लहान वर्गांच्या शाळा बंदच होत्या. सेतूसुद्धा त्याच फोनवरून आला, जो बाबा सकाळी घेऊन जायचे.

आणि आत्ता करण्यासारखं एकच सांगतो. तुमच्या आसपास त्या २०२० च्या बॅचचं एखादं मूल नक्की असेल. भाचा, कामवाल्या मावशींची मुलगी, वॉचमन काकांचा मुलगा. त्याला मार्क विचारू नका. दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या, चारचौघांत नाही, बाजूला बसून. अडखळला तर हसू नका, ओरडू नका. पुढच्या रविवारी पुन्हा बसा. वाचायला शिकवण्यासाठी बीएड लागत नाही, महिन्यातून चार रविवार लागतात. २०३० ला अजून वेळ आहे.

कोणी असं करून बघितलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. मूल कुठं अडलं आणि पुढे काय झालं, एवढंच सांगा. त्यातल्या काही पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन, नाव न घेता.

चला, भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या, आणि फोन जरा धाकट्यालाही द्या!